दुसऱ्यांदा न विचारलेला ऑर

चिंचवडच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो, तेव्हा 'ऑर' या एवढ्याशा शब्दाने माझं डोकं खाल्लं होतं. इंग्रजीत तो एकटा, पण मराठीत त्याचं काम करायला तिघं लागतात. चहा घेणार की दूध, असं विचारताना 'की'. आज किंवा उद्या कधीही या, असं सांगताना 'किंवा'. आणि गप्प बसा नाहीतर बाकावर उभं राहा, असा दम भरताना 'नाहीतर'. इंग्रज माणूस तिन्हीकडे एकच ऑर चालवतो. तो विचारतोय, मोकळीक देतोय की धमकावतोय, हे आपण त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायचं. वर्गात मी हे इतक्यांदा सांगितलं की पोरं माझ्यामागे मला 'ऑरमास्तर' म्हणू लागली. म्हणोत बापडी, निदान तेवढा एक शब्द तरी त्यांच्या कायमचा लक्षात राहिला असेल.

जे पुस्तकात नव्हतं ते मात्र मी त्यांना कधी शिकवलं नाही. शिकवायची गरजच नव्हती, ते सगळ्यांना घरून येत होतं. आमच्याकडे दारी आलेल्या पाहुण्याने 'हे की ते' असं विचारलं, तर पहिल्या खेपेला कुणी उत्तर देत नसे. थेरगावहून आत्याच्या सासरची माणसं तिला न्यायला येत. ओसरीवर टेकली की विचारत, "लेकीला आज धाडता का उद्या?" आजोबा म्हणत, "तुमी म्हनाल तसं." मग पाहुणे म्हणत, "तसं न्हाई, तुमी सांगा." आणि मग आजोबा मनातलं सांगत, की परवा न्या, अजून तिच्या आईचं मन भरलं नाही. पहिलं उत्तर पाहुण्याच्या मानाचं, दुसरं स्वतःचं. पहिल्या उत्तरावर कुणी उठून आत्याला घेऊन निघाला असता, तर गावाने त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षांत आमच्या पट्ट्यात कारखाने यायला लागले होते. आमची नदीकडची सगळी ज्वारीची जमीन अशाच एका कारखान्यात गेली. मोबदल्याचं काय झालं ते सोडून देतो, त्यावर बोलायला लागलो तर माझा तोल जातो. ज्यांची जमीन गेली त्या घरातल्या एका माणसाला कारखान्यात काम मिळणार, असं ठरलं होतं. एका घरात एकच. आमच्या घरात तो एक कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तो माझा थोरला भाऊ. मला शाळा होती आणि ती मला जीव की प्राण होती. दादाला शेतीशिवाय दुसरं काही नव्हतं, आणि शेत आता तारेच्या कुंपणापलीकडे होतं. विहिरीवरचं इंजिन बिघडलं की तो एकटा ते खोलून परत जोडायचा, त्यामुळे यंत्राची भीती त्याला नव्हती. कामावर जायचं म्हणून त्याने शिंप्याकडून खाकी सदरा शिवून घेतला होता. वहिनीने तो धुऊन खुंटीला लावून ठेवला होता, आणि येणारा-जाणारा त्या सदऱ्याकडे बघून दादाची थट्टा करत होता.

कारखान्याचे साहेब घरोघर फिरून माणसं ठरवायला आले. दिल्लीकडचे होते, मराठीचा गंध नव्हता. दुभाषा म्हणून गावाने मला पुढे केलं. बाकीच्या घरांत काही अडचण आली नाही, तिथे हाताशी एकच तरणा माणूस होता. शेवटी आमचं घर आलं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, साहेबांसाठी नवी घोंगडी अंथरली. वहिनीने दूध दिलं. साहेब मांडी घालून बसले, दूध प्यायले, छान म्हणाले. तिथेच आमचा घात झाला. साहेब आबांच्या लेखी पाहुणे झाले.

साहेबांनी विचारलं, घरात कर्ते मुलगे किती? आबा अभिमानाने म्हणाले, "दोन हायत. ह्यो थोरला, आन् ह्यो तुमच्यासंगं बोलतोय त्यो मास्तर." साहेबांनी आधी दादाकडे बोट केलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "हिम ऑर हिम?"

मी आबांना विचारलं, "साहेब म्हणतात, हा की तो?"

आबा हात जोडून म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, सायेब."

मी ते इंग्रजीत सांगितलं. दुभाष्याने दुसरं काय सांगायचं? आणि थांबलो. आबाही थांबले. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तोही थांबला. साहेब आता 'तसं नाही, तुम्ही सांगा' म्हणणार, आणि आबा दादाच्या खांद्यावर हात ठेवणार. आबांनी तो हात थोडा उचललासुद्धा होता.

साहेब म्हणाले, "गुड. देन यू."

मला आधी कळेचना. मग मी भराभर बोलू लागलो. म्हटलं, साहेब, आमच्यात अशी रीत आहे, तुम्ही फक्त आणखी एकदा विचारा. ते म्हणाले, पण मी विचारलं आणि त्यांनी उत्तर दिलं. मी म्हटलं, ते उत्तर नव्हतं, ती तुमची आब होती. हे इंग्रजीत नीट कसं सांगायचं ते मला अजूनही माहीत नाही. साहेब हसले. वाईट माणूस नव्हते, उलट त्यांना वाटलं मी भावासाठी संकोच करतोय. शाळेला दुसरा मास्तर मिळेल म्हणाले, मला ऑफिसात इंग्रजी येणारा माणूस हवा आहे, अंगमेहनतीला माणसं पुष्कळ आहेत.

मी आबांकडे वळलो. "आबा, तुम्ही सांगा ना त्यांना! दादाचं नाव घ्या!"

आबांनी माझ्यावर डोळे वटारले. "फिरून इचारल्याबिगर? घोंगडीवर बसलाय त्यो आपल्या."

मग मी साहेबांना सरळ सांगितलं, मी येत नाही, माझ्या भावाला घ्या. साहेबांचा चेहरा बदलला. मघाचा ऑर विचारणारा होता. आता ते म्हणाले, "यू ऑर नोबडी." तू, नाहीतर कुणीच नाही. हा तिसरा ऑर मी वर्गात डोळे वटारून शिकवायचो. साहेबांना डोळे वटारायचीही गरज पडली नाही, ते चपला घालत होते.

मी दादाकडे बघितलं. तो म्हणाला, "घे की, मास्तर. घरातलं एक तरी मानूस आत जाऊ दे."

साहेब गेल्यावर आबा किती तरी वेळ घोंगडीची घडी घालत बसले. घालायचे आणि मोडायचे. "इचारलंच न्हाई रे त्यानं फिरून," एवढंच म्हणायचे. पुढे मरेपर्यंत ते असं मधूनच म्हणायचे, समोर कुणी नसलं तरी. मला त्यांचा राग यायचा, साहेबांचा यायचा, त्या रीतीचा यायचा, आणि कुणावरच तो काढता यायचा नाही.

शाळा सुटली. मी कारखान्याच्या ऑफिसात जाऊन बसू लागलो. खाकी सदरा दादाने मला देऊ केला, पण तो त्याच्या खांद्यांच्या मापाचा होता, माझ्या अंगावर नुसता लोंबला. मग तो त्यानेच वापरायला काढला. दुपारी तो घालून सायकलवरून तो माझा डबा घेऊन यायचा. फाटकाच्या आत यायची त्याला परवानगी नव्हती. फाटक आमच्याच शेताच्या बांधावर होतं. तिथे आमचं बोरीचं झाड होतं, ते कधीच तोडलं होतं. दादा नेमका त्या जागी उभा राहायचा.

एकदा डबा हातात देताना त्याने विचारलं, "उद्या भाकरी आनू का चपाती?"

मी सवयीने म्हणालो, "तू आणशील ते."

तो सायकल वळवता वळवता थांबला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "तसं न्हाई. तू सांग."

त्याने दुसऱ्यांदा विचारलं होतं. आता मनातलं सांगायची पाळी माझी होती. मनात काय होतं ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. आतून भोंगा झाला.

मी म्हणालो, "भाकरी."