शाळेमागच्या बागेत बसवलेली मेंढरं

"मामा गेले," बायको फोनवर म्हणाली आणि मी विचारलं, "कुठं?" कुरकुंभच्या कंपनीतली सकाळची शिफ्ट नुकतीच सुटली होती, लॉकरमधून मोबाइल काढला तर अकरा मिस्ड कॉल. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. आमचे मामा कायम कुठंतरी गेलेलेच असायचे. दौंडला बियाणं बघायला, शिरूरला पाइप आणायला, नाहीतर कुणाच्या तरी बांधावर उगाच... बायको पुन्हा तेवढंच म्हणाली. मग मलाही कळलं.

त्याला आता दीड महिना झाला.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. त्यांचे वडील आयुष्यभर मेंढरांमागं फिरले. मामांनी घोडनदीकाठी, इनामगावच्या अलीकडं शेती धरली, पण पायाची भिंगरी काही सुटली नाही. पुरानं आमच्या आळीतली घरं धुऊन नेली, तेव्हा मामांसकट आम्ही सगळे गावच्या शाळेत मुक्कामाला होतो. रोज एखादी गाडी यायची, धान्याची पिशवी हातात द्यायची. तिसऱ्या आठवड्यात मामा म्हणाले, "हात पसरून पसरून हाताला तसंच वळण लागंल," आणि शाळेमागच्या गाळानं भरलेल्या पडीक जागेत कुदळ घेऊन उतरले. सगळ्यांनी मिळून भाजी पिकवायची, ज्याला लागेल त्यानं न्यायची.

इथं मी शहाणपणा केला. कंपनीत प्रत्येक पाइपाला नंबर असतो, त्यामुळं नंबर दिसला नाही की मला कसंतरीच होतं. मी नकाशा काढला. बावीस घरांचे बावीस वाफे, प्रत्येकावर नावाची पत्र्याची पाटी. मामांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "झ्याक काढलाय," एवढंच म्हणाले. महिना-दोन महिन्यांत लोक भाजीपेक्षा पाट्याच राखायला लागले. पाणी आधी कुणाच्या वाफ्यात, यावरून बायका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. माझ्या दुधीचा वेल शेजारच्या हसीनाभाभींच्या वाफ्यात शिरला, तिथं त्याला एकुलता एक दुधी लागला आणि मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, त्या दुधीसाठी भांडलो.

"भाऊ, वेल तुमचा व्हय, पन माती माझी खाल्ली की त्यानं," भाभी म्हणाल्या.

मी आवाज चढवला. मामा पलीकडं उभे होते.

दोन दिवसांनी सकाळी गेलो तर बागेत दीडशे मेंढरं बसलेली. आमच्याकडं पेरणीआधी शेतात मेंढरं बसवतात, लेंड्यांचं खत मिळतं... पण रान मोकळं असताना. मामांनी ती उभ्या भाजीत बसवली होती, तीही स्वतःच्या वाफ्यापासून सुरुवात करून. दुधी गेला, मेथी गेली, पाट्या चिखलात.

"सगळं खाल्लं की, मामा."

"मेंढराला पाटी वाचता येत न्हाई."

"शेवटी मेंढकेच राहिलात तुम्ही."

"व्हय," मामा म्हणाले.

आमच्याच घराण्याचा धंदा मी शिवीसारखा वापरला होता. पुढं त्या खतावर भाजी अशी माजली, की कुणाला आपला वाफा सापडेना आणि कुणी शोधलाही नाही. भाभींनी पहिली वांगी माझ्याच घरी पाठवली. मामांशी बोलणंही लगेच सुरू झालं. पण तो शब्द मी मागं घेतला नाही. म्हटलं, घेऊ कधीतरी, माणूस जागेवर तर सापडू दे...

गेल्या रविवारी आळीतले चौघे घरी आले. भाजी निघून बाग मोकळी झालीय. "आता मामा न्हाईत, रोजची कटकट कोण मिटवनार? तुमचा तो नकाशा काढा, वाफे पाडून टाकू." नकाशा कपाटातच होता. मी कपाटात डोकं घालून बराच वेळ खुडबुड केली आणि सापडत नाही म्हणालो. येत्या रविवारी ते पुन्हा येणार आहेत. त्या दिवशी ते गेल्यावर मी भांडगावला मुक्कामी असलेल्या मेंढपाळाला फोन लावला.

"मामांचा भाचा बोलतोय. शाळेमागं मेंढरं बसवायचीत."

"रान मोकळं हाय, का मागच्यावानी?"

"मोकळं हाय. पण गावाला सांगितलेलं न्हाई."

"मंग शिव्या कोन खानार? मागं मामांनी खाल्ल्या."

"मी खाईन."

"बघा बरं का," तो म्हणाला.

कळप शुक्रवारी येतोय, वाफे पडायच्या आत. तोवर शिफ्ट सुटली की मी बागेत जातो. भाभी कट्ट्यावर चहा आणून ठेवतात, बसा म्हणतात. तो कट्टा मामांनी लोकांना बसायला म्हणून बांधला, स्वतः मात्र त्यावर कधी टेकले नाहीत. चहा उभ्यानंच प्यायचे. मलाही सध्या तिथं बसवत नाही.