बंद घरांची वही

तिचं खरं नाव आरोग्य केंद्राच्या हजेरीपटावर होतं. वस्तीत मात्र तिला सगळे थेंबवाली म्हणत. खांद्याला लसीचा डबा अडकवून ती एकवीस वर्षं त्याच गल्ल्या हिंडली होती. ज्या पोरींच्या तोंडात तिने पहिल्या वर्षी थेंब टाकले, त्याच पोरी आता कडेवर लेकरं घेऊन दारात उभ्या राहत. डब्यात थेंबांबरोबर सुयाही असतात हे मुलांना पक्कं ठाऊक असे. "जेवतोस की बोलावू थेंबवालीला?" या धमकीवर त्या भागातली एक अख्खी पिढी जेवली.

घरी तिचं कौतुक बेताचंच होतं. "आमची सून साऱ्या जगाची पोरं सांभाळते," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "आणि घरात दूध उतू जातं."

बेचाळिसाव्या वर्षी तिने समाजकार्य आणि सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दोन वर्षं, संध्याकाळचे वर्ग. कारण सरळ होतं. केंद्रात सुपरवायझर व्हायला पदवी लागते. आजवर तिच्या डोक्यावर पाच सुपरवायझर आल्या, पाचही तिच्याहून लहान. पाचही जणींना गल्ल्या तिनेच दाखवल्या, कुठला कुत्रा चावतो आणि कुठली म्हातारी हेही सांगितलं. मग त्या खुर्चीत बसून तिच्या वहीवर सही करत. सहावी खुर्ची आपली, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

नवरा गाड्यांना रंग मारायचा. त्याने विचारलं, "पास झालीस की तुला बाईसाहेब म्हणायचं का?"

"आत्ता काय म्हणता?"

"आत्ता कुठं काही म्हणायची सोय आहे!"

पण पहाटेचा चहा तेव्हापासून तोच करू लागला. ती ओट्याशेजारी स्टुलावर बसून वाचायची. पुस्तकातला समाज तिला ओळखीचा होता, फक्त त्याची भाषा परकी होती. 'लाभार्थी कुटुंब' वाचलं की तिला अमक्या गल्लीतली नळावर भांडणारी बाई दिसे.

शेवटच्या वर्षाला प्रकल्प लिहायचा होता. बाकीच्यांनी आहार, स्वच्छता असे रुळलेले विषय घेतले. तिने घेतला 'बंद घरं'.

त्यांच्या कामाची एक रीत होती. फेरी दहा ते साडेबारा. दाराला बाहेरून कुलूप दिसलं की दारावर खडूने फुली मारायची, खाली तारीख घालायची आणि वहीतही तशीच फुली मारून 'बंद' लिहायचं. अशा तीन फेऱ्या, तीन फुल्या. त्यानंतर ते घर हिशेबातूनच जायचं. उरलेल्या घरांवरून लसीकरणाची टक्केवारी निघे आणि ती नेहमीच छान निघे. या बंद घरांचं पुढं काय होतं, एवढंच तिला शोधायचं होतं. केंद्राच्या माळ्यावरून तिने सगळ्या जणींच्या अकरा-बारा वर्षांपूर्वीच्या वह्या काढल्या. नोंदणी कार्यालयातून त्याच वर्षांतल्या लहान मुलांच्या मृत्यूंची यादी मिळवली. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर दोन्ही बाडं स्वयंपाकघरात पसरून ती आणि तिची कॉलेजात जाणारी लेक बसल्या. ती वहीतला घरक्रमांक वाचायची, लेक तो यादीत शोधायची.

"गल्ली चार, घर सत्तावीस," ती म्हणाली.

लेकीचं बोट यादीवरून खाली सरकत जाऊन थांबलं. "आहे. मुलगी, दहा महिने. न्यूमोनिया. शेऱ्यात लिहिलंय, आधी अंगावर गोवराचं पुरळ."

तिने तारखा ताडून पाहिल्या. तिसऱ्या फुलीनंतर अठरा दिवसांनी. तिच्या संशोधनाला हवा होता तसा तो पहिलाच नेमका पुरावा होता आणि एक क्षणभर, अगदी एकच क्षण, तिला आनंद झाला. पुढं हा क्षण तिने कुणालाच सांगितला नाही.

लेक वाकून वहीतली फुली बघत होती. भिंतीवर कॅलेंडर होतं. दूधवाला येत नाही त्या दिवसावर तिची आई फुली मारायची, उजवा पाय लांब ओढलेली. लेकीने कॅलेंडरकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं.

"आई, ही फुली तुझी आहे."

पलीकडे पडलेल्या सासूबाईंनी विचारलं, "काय गं, काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि उठून चहाची स्वच्छ भांडी पुन्हा घासायला लागली.

ते दार आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. त्या ओळीत सकाळी सावली असते, डबा खाली ठेवून जरा टेकता येतं, इतकं आठवलं. दार काही केल्या आठवेना. तीनदा आपण तिथं उभ्या राहिलो आणि आपल्याला सावलीच आठवते.

दोन दिवसांनी ती चौथ्या गल्लीत गेली. अकरा वाजता, सवयीने. सत्तावीस नंबरला कुलूप होतं. दुसऱ्यांदा गेली, कुलूप. तिसऱ्या खेपेला कुलूप बघितल्यावर तिचा हात आपसूक पिशवीतल्या खडूकडे गेला आणि तिथंच राहिला.

शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. "कुणाकडं? त्या सकाळी सहाला असतात घरी. सव्वासहाला कारखान्याची गाडी येते."

"आणि दुपारी?"

"आता नाही येत. पोरं लहान होती तेव्हा यायची की एकला पळत. कुलूप काढायची, पाजायची, परत कुलूप लावून जायची."

एकला. आणि फेरी संपायची साडेबाराला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती त्या दारात उभी होती. खोली एकच होती. एक बाई डबा भरत होती, सतरा वर्षांची एक मुलगी आरशासमोर केस विंचरत होती.

"थेंबवाली ना तुम्ही?" बाई म्हणाली. "आमच्यात आता लहान कुणी नाही."

"माहीत आहे. त्याबद्दलच आले."

तिने सांगितलं. बसा म्हटलं तरी बसली नाही, उभ्यानेच सांगितलं. तीन तारखा, तीन फुल्या, गोवराची लस डब्यात होती, कुलूप बघून परत गेले. बोलताना तिने पुस्तकातला एकही शब्द वापरला नाही. एकही उपयोगाचा नव्हता.

बाईने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "टोचली असती तर वाचली असती?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"टोचलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी पोरांना तो आजार होतच नाही."

"म्हणजे पंधरांना होतो."

"होतो."

"मग मी तिला पंधरांतली धरते," बाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "नाहीतर उद्यापासून कामावर जाता यायचं नाही मला." डबा पिशवीत टाकत ती पुढं म्हणाली, "अन् तुम्ही हाका मारल्या असत्या तरी हिने ओ दिली नसती. हीच सहा वर्षांची, बाळाला घेऊन आत असायची. मी दमच दिला होता, कुणी कितीही बोलावलं तरी तोंड उघडायचं नाही. पोरं कोंडून जाते हे घरमालकाला कळलं असतं तर खोली गेली असती."

मुलीचा कंगवा थांबला होता. आरशातच बघत ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं."

"काय ऐकू आलं होतं?" आईने विचारलं. हे तिलाही नवीन होतं.

"खडू. दारावर बाहेरून कुणीतरी काहीतरी काढत होतं. मला वाटलं चित्र आहे. मी आतून त्याच जागी हात लावून बसले होते, खडू सरकेल तसा हात सरकवत. तू आल्यावर बघायला बाहेर धावले." तिने केसांना रबर लावलं. "नुसती फुलीच होती."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बाईने पायांत चपला सरकवल्या. थेंबवालीने विचारलं, हे प्रकल्पात लिहिलं तर चालेल का, तुमचं नाव येणार नाही.

"लिहा. कुलूपही लिहा, माझ्याच हाताने लावलेलं," बाई म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "आणि तुमचं नाव? तुमचं येणारे का?"

उत्तराची वाट न बघता ती गाडीकडे पळाली.

थेंबवालीने आधी जमेल तसं लिहिलं. 'संबंधित कार्यकर्तीने तीन वेळा भेट दिली.' वर्गातल्या सरांना तेच पसंत पडलं. "उत्तम. संशोधनात कार्यकर्तीचं नाव घालायचं नसतंच. आणि परीक्षेला बाहेरून कोण येतंय, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. मोठ्या बाई. साऱ्या भागाच्या आरोग्य अधिकारी, आणि सुपरवायझरची निवडही त्यांच्याच हातात.

ते पान ती आठवडाभर पर्समध्ये घेऊन हिंडली. शेवटी एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "मी 'संबंधित कार्यकर्ती' खोडून 'मी' लिहिणार आहे."

"अगं, अकरा वर्षं झाली," नवरा म्हणाला. "तू काय मुद्दाम केलंस? नियम होता."

"नियम होता."

"मग झालं तर! त्या खुर्चीसाठी दोन वर्षं पहाटे उठलीस. मी चहा केलाय दोन वर्षं, फुकट घालवू नकोस."

"तो नियम कुणी चालवला ते लिहिलं नाही, तर तो आपोआप चालत होता असं वाटतं. वाचणारा म्हणेल, वा, बंद घरांचा प्रश्न गंभीर आहे. आणि वही मिटेल."

गंजावर मारलेला रंग हाताला लगेच कळतो, हे नवरा रोज गिऱ्हाइकांना सांगायचा. आज बायकोला उलटं सांगायला त्याची जीभ वळेना.

सासूबाई इतका वेळ मान खाली घालून जेवत होत्या. "लिहायचंय तर लिही," त्या म्हणाल्या. "पण परीक्षेला ते निळं पातळ नेसून जाऊ नकोस. पार विटलंय. नापास व्हायचं ते निदान नीटनेटकं."

लेकीने टाईप करताना एकदाच विचारलं, "नक्की?" आणि मग शब्द बदलला.

परीक्षेच्या खोलीत लांब टेबल होतं, पंखा आवाज करत होता. मोठ्या बाईंनी प्रकल्प वाचून आणला होता, मधूनमधून पानांचे कोपरे दुमडलेले दिसत होते. लसीचं तापमान, नमुन्यातल्या घरांची संख्या, सगळं त्यांनी विचारलं, तिने सांगितलं. मग त्यांनी एक दुमडलेलं पान उघडलं.

"इथं 'मी' लिहिलंय. ही टंकलेखनातली चूक आहे का?"

सर घाईघाईने तिच्याकडे बघायला लागले. एवढं 'हो' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि मोठ्या बाईंनी ती वाट मुद्दामच पुढं केली होती, हेही तिला कळलं.

"नाही बाई. मीच होते."

"त्या वर्षी त्या केंद्राची टक्केवारी अठ्ठ्याण्णव होती. केंद्राचा सत्कार झाला होता. त्या अहवालावर सही कुणाची आहे, पाहिलंत का?"

"पाहिलं. तुमची."

"तरी लिहिलंत."

"तुमची सही नाही लिहिली, बाई. माझी फुली लिहिली."

मोठ्या बाईंनी पानाचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला, दाबून दाबून सपाट केला. "जा तुम्ही," त्या म्हणाल्या. रागाने म्हणाल्या की आणखी कशाने, ते तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

ती पास झाली. दुसऱ्या श्रेणीत. महिन्याभराने सुपरवायझरची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. कारण कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्या दिवशी घरी आली तेव्हा नवऱ्याने न विचारताच चहा टाकला. "बाईसाहेब, साखर किती?" तो म्हणाला, आणि तिला तिथंच रडू फुटलं. सासूबाईंनी उठून गॅस बारीक केला. दूध उतू जायच्या बेतात होतं.

सहावी सुपरवायझर चोवीस वर्षांची होती. थेंबवालीने तिलाही गल्ल्या दाखवल्या. मग एक अर्ज पुढं केला, आठवड्यातून दोन दिवस माझी फेरी सकाळी पावणेसहापासून करू द्या. मुलगी घाबरली. "असा आदेश नाहीये हो वरून."

"मी तरी कुठं आदेश मागतेय. परवानगी मागतेय."

मुलीने 'स्वतःच्या जबाबदारीवर' असा शेरा मारून सही केली. लसीच्या फ्रिजच्या खोलीची किल्ली ठेवणारा चौकीदार पहिले दोन महिने कुरकुरला. मग तोही उठायला लागला.

आता खडू तिच्या पिशवीत नसतो. एक लांबट वही असते. त्यात गल्लीवार ती सगळी घरं आहेत, ज्यांना दिवसा कुलूप असतं. प्रत्येक घरासमोर एक वेळ लिहिलेली. सहा ते सव्वासहा. एक ते एक वीस. काहींपुढं आणखी एक बारीक खूण आहे. कुलपाआड मूल एकटं असतं, अशी ती घरं. तिथं ती सुई टोचून निघून जात नाही. शेजारची एखादी म्हातारी, एखादी घरी असणारी बाई शोधते, तिला आणि मुलाच्या आईला समोरासमोर बसवते. दहातल्या चार ठिकाणी जमतं. सहा ठिकाणी कुलूप तसंच राहतं, आणि त्या घरांवरून ती एकच्या सुमारास पुन्हा जाते.

नव्या सुपरवायझरने एकदा ती वही चाळली. "ह्या कसल्या वेळा लिहिल्यात? दुकानांच्या आहेत का?"

"आयांच्या," थेंबवाली म्हणाली आणि तिच्या हातातून वही काढून घेतली. एकला दहा मिनिटं कमी होती.