शिळं पाणी

हसायचं नाही असं कबूल करा, तरच सांगतो. जाऊ द्या, तुम्ही काय ऐकणार!

आमची संस्था खुलताबादच्या पलीकडच्या एका गावात घरोघर पाण्याचे फिल्टर देते. वाटणारा कोण? मी. विहिरीचं पाणी इतकं खराब, की पोरं कायम पोट धरून बसलेली. मी घसा फोडून समजावलं: वरच्या डब्यात पाणी ओता, रात्रभर झिरपू द्या, सकाळी खालच्या तोटीतून घ्या. बायकांनी माना डोलावल्या. मी खूश!

महिन्यानं बघायला गेलो, तर पोरं तशीच आजारी. माझं डोकंच सणकलं.

"फिल्टर वापरता का तरी?"

"व्हय तर! रोज रातच्याला भरतो," कौसामावशी म्हणाल्या. गावातल्या बायका त्यांचं ऐकतात.

बोलून बोलून माझा घसा सुकला. मग मी पिशवीतून काय काढावं? संभाजीनगरहून आणलेली, घरच्या पाण्याची बाटली! दोन घोट घेतले, तर अख्खं अंगण माझ्याकडे बघतंय.

"बघा गं!" मावशी कडाडल्या. "फिल्टरवालाच घरचं पाणी आणतो, अन् आमाला सांगतो फिल्टरचं प्या!"

झालं! तासाभरात लोक फिल्टर परत करायला हजर. सगळी मेहनत गेली ना पाण्यात! अशा वेळी शहाण्यानं काय करावं? गप्प बसावं. मी काय केलं? बाटली अंगणात रिकामी केली आणि ओरडलो, "आणा तांब्या! आज प्रत्येक घरचं पाणी पितो!"

तांब्यावर तांब्या आले. नको म्हणायची सोय नाही. एका घरी प्यालो आणि शेजारी नाही प्यालो, तर गावात भांडणं! पोटाची पार पखाल झाली. शेवटी मावशींच्या ओट्यावर टेकलो.

"कसलं गोड आहे बघा फिल्टरचं पाणी!"

"फिल्टरचं कुठलं, सर? विहिरीचं हाय. आत्ताच शेंदलं, ताजं."

"आणि फिल्टरचं?"

"ते रातचं. शिळं! सकाळी झाडाला घालतो. कढीपत्ता बघा की, लई फोफावलाय! पाव्हण्याला काय शिळं पाणी द्यावं का? पोरांनाबी नाय देत आमी."

रात्रभर ठेवा असं सांगितलं कुणी? मीच! माझी आई रोज सकाळी माठातलं शिळं पाणी ओतून ताजं भरायची. तरी या शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला नाही.

पुढं काय झालं ते माझ्या पोटाला विचारा. हाताला सलाईन लावून आठवडाभर दवाखान्यात पडलो होतो, तर मावशी भेटायला आल्या. हातात पाण्याची बाटली.

"घ्या सर, फिल्टरचं हाय. सकाळी भरलं, दुपारी काढलं. ताजं. आता सगळं गाव हेच पितंय. पोरंबी बरी हायत."

माझे डोळेच भरून आले. "म्हणजे शेवटी माझं सांगणं पटलं तर!"

"सांगणं कशाचं?" मावशी म्हणाल्या. "आमी पोरांना एवढंच म्हणतो, फिल्टरचं पी बाबा, नायतर तुझं त्या सरासारखं व्हईल!"