पहिल्या मजल्यावरचा झब्बू

मनुष्यजन्माचं अंतिम ध्येय सुटका हे आहे. निदान झब्बूत तरी आहे. हातातली पानं संपली की माणूस सुटतो, शेवटपर्यंत ज्याच्याकडे पानं उरतात तो हरतो. समोरच्यानं टाकलेल्या रंगाचं पान आपल्याकडे नसेल तर दुसरं कुठलंही टाकायचं, त्याला झब्बू देणं म्हणतात. मग डावात त्या रंगाचं ज्याचं पान सर्वांत मोठं, त्यानं सगळा ढीग उचलायचा. एवढंच. हे शिकायला पाच मिनिटं पुरतात आणि पदवी लागत नाही.

आम्ही तिघं कॉलनीतल्या बागेत रोज दुपारी झब्बू खेळायचो. मी एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेला. दुसरे गाववाले, ज्यांच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात आता आमची कॉलनी उभी आहे. तिसरे क्रेनवाले, मूळचे बीडकडचे, चाकणच्या कारखान्यात जन्मभर लोखंड उचललेले. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टरांनी बोटांच्या व्यायामासाठी रबरी चेंडू दिला. तो त्यांनी नातवाला दिला आणि डाव्या हातात पानं धरायला सुरुवात केली. मुलगा-सून दोघंही कामावर. दिवसभरात त्यांच्याशी भांडणारं असं आम्हा दोघांखेरीज कुणी नव्हतं. काठी टेकत सपाटीवर ते येत. पायरी मात्र चढता येत नसे.

आमच्या सिमेंटच्या टेबलावर एके दिवशी जेसीबी चालला. तिथे ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र होणार, असा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर ज्येष्ठ नागरिक एकही नव्हता. वर्षभरानं इमारत उभी राहिली. तळमजल्यावर माननीय नगरसेवकांचं संपर्क कार्यालय, आणि विरंगुळा वर, पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही. उतार नाही. हा नकाशा कुणीतरी काढला, कुणीतरी तपासला, कुणीतरी मंजूर केला, आणि त्यातल्या एकाच्याही घरात म्हातारं माणूस नसावं, यावर माझा विश्वास नाही.

उद्घाटनाला माननीय दोन तास उशिरा आले. नारळ, फीत, शाल झाली. मग फोटोवाल्याला काठीवाला म्हातारा हवा होता.

"काका, चला वर. तुमच्यासाठीच तर आहे सगळं," असं म्हणत चार कार्यकर्त्यांनी क्रेनवाल्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचललं.

"आरं, नवरदेव निघाला की! वरात कुठवर हाय?" गाववाले ओरडले.

"लोड बघून उचला रे," क्रेनवाले वरून म्हणाले. "अन् उतरवायचं कोण बघणार हाय?"

"आम्ही आहोत ना काका!"

वर पत्त्यांचा नवा कॅट ठेवला होता. माननीय आमच्यात बसले आणि पानांची तोंडं कॅमेऱ्याकडे केली.

"साहेब, पानं सगळ्यांना दिसतायत," मी म्हणालो.

"दिसू द्या. फोटोत आली पाहिजेत."

डाव मात्र आम्ही खराच सुरू केला, दुसरा कुठला आम्हाला येतच नाही. माननीयांनी चौकटचा राजा टाकला. क्रेनवाल्यांकडे चौकट नव्हती. त्यांनी किलवरची दुरी टाकली.

"झब्बू. उचला साहेब."

खोलीत कुणी हसेना. मग एक कार्यकर्ता हसला. "काका लई गमती आहेत." माननीयांनी पानं टेबलावर ठेवली, घड्याळ पाहिलं, आणि ते पुढच्या कार्यक्रमाला निघाले. त्यांच्यामागे सगळी गर्दी जिना उतरली. खुर्ची उचलणारे चौघंही.

आम्ही दोघांनी उचलून पाहिलं. दुसऱ्याच पायरीवर गाववाल्यांची कंबर धरली, तेव्हा परत वर आलो. कार्यकर्त्याला फोन केला. "आलोच काका, पाच मिनिटांत." पुन्हा केला. पुन्हा पाच मिनिटं. मग फोन बंद.

"पानं वाट," क्रेनवाले म्हणाले. "आलोच हाय तर."

दोन डाव झाले. तिसऱ्यात ते खुर्चीत चुळबुळ करू लागले. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तिनं सारखी लघवी होते. इमारतीत स्वच्छतागृह एकच, खाली, संपर्क कार्यालयाच्या आत. कार्यालयाला कुलूप.

"खिडकीतनं कुणाला हाक मारू का?" मी विचारलं.

"नगं. पान टाक तू."

मी पान टाकलं. त्या वेळी माझ्या मनात जे आलं ते छापण्याजोगं नाही, आणि आजही त्यात मला एक शब्द कमी करावासा वाटत नाही. ज्या माणसानं टनांनी लोखंड उचललं आणि जागच्या जागी नीट खाली ठेवलं, त्याला फोटोपुरतं वर चढवून माणसं निघून गेली होती.

अखेर मांडववाल्याची दोन माणसं भाड्याच्या खुर्च्या न्यायला आली. एकानं क्रेनवाल्यांच्या बुडाखाली पाहिलं.

"काका, ही पण आमचीच आहे."

"मग ने की," क्रेनवाले म्हणाले.

त्यांनी खुर्ची नेली, त्यांच्यासकट. पण तोवर उशीर झाला होता. खाली आल्यावर त्या माणसानं पाण्याची बाटली आणून खुर्ची धुतली. क्रेनवाल्यांनी मान वर केली नाही.

ते परत बागेत आले नाहीत. आता आम्हीच त्यांच्या घरी जातो, कॉटवर डाव मांडतो. मी तीन अर्ज केले: केंद्र खाली आणा, कार्यालय वर न्या. तिसऱ्या अर्जानंतर कारवाई झाली. जिन्यापाशी पाटी लागली आहे: 'ज्येष्ठ नागरिकांनी जिन्याचा वापर करू नये.'