बूअझ्झा नालबंदाची साक्ष

माझ्या बापाला, जिलालीला, अल्लालने मक्नास शहरात नालबंदांच्या गल्लीत भरदिवसा विळ्याने कापलं. भांडण कसलं, तर आधी कुणाच्या खेचराला नाल ठोकायचा! बापाची मान अर्धी तुटली. गल्ली माणसांनी भरलेली, पण पाहिलं म्हणायला दोघेच पुढे आले. एक मशिदीत बांग देणारा म्हातारा मुअज्जिन, दुसरा नालबंद बूअझ्झा. बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप. थू त्यांच्यावर.

अल्लाल कायदा कोळून प्यायलेला. खुनाला दोन साक्षी लागतात आणि वैऱ्याविरुद्ध वैऱ्याची साक्ष काझी ऐकत नाही. मुअज्जिनाला हात लावला असता तर गावाने त्याला फाडून खाल्लं असतं. राहिला बूअझ्झा, नाकावर माशी बसली तरी हातोडा उगारणारा. त्याने एकदा उलट हात उचलला की ठरलाच वैरी.

दुसऱ्याच दिवशी अल्लालने दुकानात येऊन त्याच्या तोंडावर लाथ घातली. दोन दात पडले.

"उचल की हातोडा! का नाल ठोकून ठोकून स्वतःच खेचर झालास?"

बूअझ्झा रक्त थुंकला. "बाजूला हो मालक, जनावर उधळेल."

सुनावणीला चाळीस दिवस होते आणि साक्ष होईपर्यंत अल्लाल मोकळाच होता. त्या दिवसांत अल्लालने त्याच्या बरगड्या मोडल्या, तापल्या सांडशीने दंड भाजला, त्याच्या बायकोला पाणवठ्यावर केस धरून ओढलं. शेवटी माझी आईच कळवळली.

"हाण त्याला एकदा, मेल्या! नको आम्हाला न्याय."

"हात उचलला की तो सुटला, वहिनी. घरी जा तुम्ही."

काझीसमोर अल्लाल हसत म्हणाला, "याला मी इतका बडवलाय, हा माझा वैरी नाही तर कोण?"

काझीने लोकांना विचारलं. बूअझ्झाने उलट हात उचलल्याचं, शिवी दिल्याचं कुणीच पाहिलं नव्हतं. मग काझीने बूअझ्झाला शपथ घालून विचारलं, "मनात वैर आहे?"

"नाही."

साक्ष धरली. आठ दिवसांनी अल्लालचं मुंडकं उडालं. मी पाहायला गेले होते आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

पुढे वीस वर्षं लोक बूअझ्झाला साक्षीला बोलवायचे. तो जायचा नाही. आईने एकदा कारण विचारलं.

"माझी साक्ष चालत नाही, वहिनी," तो म्हणाला. "चाळीस दिवस मी मनातल्या मनात त्याचा गळा दाबत होतो. आणि शपथेवर नाही म्हणालो."