ठिपक्यातला गरुड

चंद्रपूरच्या आमच्या वनखात्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थाला कुणीतरी आवरा हो. थंडीत उत्तरेकडून येणाऱ्या एका गरुडाच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवलाय. त्याचा ठिपका मोबाईलवर दिसतो आणि त्यावर लक्ष ठेवणं ही याची ड्युटी. पण डबा खाताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा माझ्या नाकासमोर मोबाईल धरतो. "पाहा ना भाऊ, एटापल्लीकडं सरकून राह्यला!"

गेल्या आठवड्यात ठिपका हलेना. यानं डबा उघडणंच सोडलं. उसासे ऐकून ऐकून डोकं उठलं, तेव्हा मीच याला घेऊन जीप काढली.

एटापल्लीजवळच्या तलावावर, वाळक्या झाडाच्या शेंड्याला, पाठीवर ट्रान्समीटर मिरवत, गरुड मजेत पंख साफ करत बसला होता. मी ओरडलो, "अहो, वर पाहा!"

"थांबा ना भाऊ, रेंज येऊन राह्यली."

तेवढ्यात गरुड उडाला आणि अगदी आमच्या डोक्यावरून गेला. त्याची सावली याच्या मोबाईलवरून सरकली. यानं बाहीनं काच पुसली, मग डोळे पुसले.

"नाई हलून राह्यला भाऊ," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "मेलाच वाट्टे."