नाकवालीची बाग

रोपवाटिकेत तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि त्यात चेष्टा थोडी, मानच जास्त होता. डोळ्यांवर फडकं बांधून फूल समोर धरलं, तरी जाई कुठली, जुई कुठली आणि कुठलं फूल कालचं, हे ती बिनचूक सांगायची. तीस वर्षं तिनं हे नाक मिरवलं. मग दीड वर्षापूर्वी साधा ताप आला, आठ दिवसांनी गेला आणि जाताना वास घेऊन गेला. दूध करपलं तरी तिला पत्ता लागेना. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित." तिनं ते ‘कदाचित’ ऐकलं आणि तोंडाला कुलूप लावलं. नवऱ्याला सांगून उपयोग नव्हता. तपकीर ओढून ओढून त्याला कशाचाच वास येत नसे. आणि बाहेर सांगायचं, तर नाकवालीचं नाक गेल्यावर मागे राहिलं काय?

अशात रुग्णालयाच्या मेट्रनबाई स्वतः रोपवाटिकेत आल्या. मागच्या इमारतीत महिनोन्महिने पडून असलेल्या रुग्णांच्या खिडक्यांखाली त्यांना सुगंधी बाग हवी होती.

"फिनेलच्या वासाला माणसं विटलीत हो. आणि हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम नाही."

हात जोडून नाही म्हणायची हीच वेळ होती. पण नाही म्हणायलाही कारण द्यावं लागतं. "करते की," म्हणून ती मोकळी झाली.

बाग तिनं आठवणीतून लावली. सहा खिडक्या, प्रत्येकीखाली मोगरा, मधल्या वाफ्यात निशिगंध, भिंतीलगत रातराणी. एक नव्हे, सहा! ज्याला मिठाची चव लागत नाही तो भाजीत मूठमूठ मीठ घालतो, तसं तिचं चाललं होतं. इतकं पुरेल का, ही धास्ती, म्हणून आणखी एक रोप. तेही कमी पडलं तर, म्हणून आणखी एक. चार नंबरच्या खिडकीत एक आजारी शिक्षिका दिवसभर बसलेली असायची. अंगात त्राण नव्हतं, पण शिस्त जाईना. "ती कुंडी डावीकडे घ्या. डावीकडे म्हटलं ना!" असं ती आतून फर्मावायची. नाकवालीला ती आवडायची.

तीन महिन्यांनी सगळं एकदम फुललं. नाकवाली कौतुक ऐकायला म्हणून संध्याकाळी मुद्दाम थांबली, तर सहाच्या सहा खिडक्या बंद.

"दोन रात्री कुणी झोपलं नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळ्यांची डोकी उठलीत. चार नंबरच्या बाईंना तर उलट्या थांबेनात, आधीच औषधांनी जीव नकोसा झालेला. पंधरा दिवसांत काही जमलं तर बघा, नाहीतर मी इथे फरशी बसवून घेते. तुमच्यासारखीला हे कळलं कसं नाही?"

तिनं फावडं घेतलं आणि अंधार पडायच्या आत सहाही रातराण्या मुळासकट उपटल्या. रागानं नव्हे; रागानं उपटणारा मुळं मागे ठेवतो. हाताला फोड आले. आपण चांगलं करता करता एका आजारी बाईचा छळ केला, हे तिला त्या फोडांपेक्षा जास्त झोंबत होतं. बाग करायची तर आता नाक हवं, आणि तिच्या माहितीत खरं नाक एकच उरलं होतं.

ते होतं तिच्या थोरल्या जावेचं. मधे एक भिंत, पण नऊ वर्षांत कामापुरतंच बोलणं. कारण काय, तर जाऊबाई एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या, "तुझ्या घरातून कुबट वास येतो." नाकवालीला असं म्हणायचं! आज ती नाक मुठीत धरून त्याच दारात उभी राहिली.

"जाऊबाई, मला तुमचं नाक पाहिजे."

"आणि तुझं काय झालं?"

तिनं सांगून टाकलं. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला.

"दीड वर्ष? म्हणून रोज दूध करपतं होय! अगं, मी समजत होते, मला छळायला मुद्दाम करतेस. आण तुझ्या कुंड्या."

रोज दुपारी व्हरांड्यात दोन-दोन कुंड्या येऊ लागल्या. जाऊबाई खुर्चीत डोळे मिटून बसायच्या आणि न्यायाधीशासारखे निकाल द्यायच्या. मोगरा आणि निशिगंध जवळ? "झिंज्या धरतायत एकमेकांच्या. लांब कर." सब्जा आणि गवती चहा? "नांदतील." मग मरवा आला. जाऊबाई म्हणाल्या, "याला तर वासच नाही." नाकवालीनं पान चुरगळून त्यांच्या नाकाशी धरलं. "हं! हा शहाणा आहे. विचारल्याशिवाय बोलत नाही."

नाकवाली कुंडी हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या सहा खिडक्यांना हेच हवं होतं! आजारी माणसाला वास नको असतो असं नाही. तो नको तेव्हा थांबवता आला पाहिजे.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला भिडली. मोगऱ्याचं एकच झुडूप ठेवलं, तेही लांब फाटकापाशी. निशिगंध परत रोपवाटिकेत गेला. प्रत्येक खिडकीला हात पोचेल अशा उंचीवर फळी ठोकली आणि फळीवर मरवा, सब्जा, गवती चहा.

पंधराव्या दिवशी मेट्रनबाई आल्या त्या फरशीवाल्याला घेऊनच. तो टेप पसरून मापं घेऊ लागला. चार नंबरची खिडकी बंदच होती. नाकवाली तिच्याकडे बघत उभी राहिली, हलली नाही.

खिडकी वीतभर उघडली. एक वाळका हात बाहेर आला, पान चुरगळून आत गेला. बराच वेळ काही नाही. मग दोन्ही दारं सताड उघडली.

"बाई," शिक्षिकेनं विचारलं, "ह्या पानाला लिंबाचा वास आहे ना? की मला भास होतोय?"

मेट्रनबाई नाकवालीकडे बघू लागल्या. फरशीवालासुद्धा. कुठलं पान ते तिला लांबूनही दिसत होतं. हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"मला वास येत नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "दीड वर्ष झालं. तुम्हीच सांगा."

शिक्षिकेनं पान पुन्हा नाकाशी नेलं, डोळे मिटले.

"लिंबू. आणि मागे ओलं गवत. आणखी एक कुंडी द्या इकडे."

मेट्रनबाईंनी फरशीवाल्याला टेप गुंडाळायची खूण केली. नाकवालीनं पदरानं डोळे पुसले आणि कुंडी उचलली.

"कुठे ठेवू?"

"डावीकडे," शिक्षिका म्हणाली. "डावीकडे म्हटलं ना!"